दुसरी संधी कुणाला मिळते? गरिबीत वाढणाऱ्या मुलांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या शाळांत मी एकोणतीस वर्षं शिकवलं. पहिली अकरा जत तालुक्यात, बाकीची वाळव्याच्या ऊसपट्ट्यात. निवृत्त झाल्यावर सांगली-साताऱ्यातल्या पालकसभांना, महिला मंडळांना, कधी नव्या शिक्षकांसमोर बोलायला बोलावतात. भाषण संपल्यावर चहाच्या वेळी जे विचारतात तेच खरे प्रश्न, आणि ते गावोगावी सारखेच असतात. म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवते.

गरीब नक्की कुणाला म्हणायचं? पिवळं रेशनकार्ड असलेल्याला?

कार्डाचा रंग सरकारच्या सोयीचा असतो. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्याच्या वर पांढरं. ही तीन रंगांची पद्धत १९९९ पासूनची. आज १५ हजारांत वर्ष काढणारं कुटुंब कागदावरच सापडेल.

मी माझ्यापुरती एक कसोटी ठेवली होती. घरातलं कमावतं माणूस महिनाभर आजारी पडलं, तर पोराची शाळा थांबते का? थांबत असेल तर ते घर गरीब, मग दारात हप्त्यावरची मोटारसायकल का असेना. माझ्या वर्गात अशी घरं होती, ज्यांचं वर्ष बरं चाललेलं असायचं आणि वडिलांना मिरजेला ॲडमिट केलं की दोन महिन्यांत शेरडं विकलेली, आई दुसऱ्याच्या रानात आणि थोरली पोर धाकट्याला सांभाळायला घरी. कमी पैसा हा गरिबीचा अर्धा भाग. एक ठेच लागली की सावरायला जागाच नसते, हा उरलेला अर्धा. मुलांच्या आयुष्यावर या उरलेल्या अर्ध्याचा घाव जास्त बसतो, असं माझं मत झालं आहे. पुढच्या बहुतेक उत्तरांत ते येत राहील.

परिणाम कधीपासून सुरू होतो? शाळेत गेल्यावर?

नाही हो, फार आधी. आईच्या पोटात असल्यापासून ते मूल दोन वर्षांचं होईपर्यंत साधारण हजार दिवस होतात, आणि मेंदूची बरीचशी बांधणी त्यातच चाललेली असते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी निघाली. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या जवळजवळ ६९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी होतं. आपलं राज्य श्रीमंत म्हणवतं, हे लक्षात घेऊन हे आकडे वाचा.

रक्त कमी असलेलं मूल वर्गात कसं दिसतं? मस्ती करत नाही, त्रास देत नाही, भिंतीला टेकून बसतं. नव्या शिक्षकाला ते शहाणं वाटतं. मलाही पहिली काही वर्षं तसंच वाटायचं.

यावर इलाज आहे आणि तो महाग नाही. जमैका या देशात १९८० च्या दशकात वाढ खुंटलेल्या नऊ ते चोवीस महिन्यांच्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायच्या. घरच्याच डबे-चिंध्यांची खेळणी करून आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायच्या. असं दोन वर्षं. वीस वर्षांनी पाहिलं तर ही मुलं, ज्यांच्याकडे कुणी गेलं नव्हतं त्या तशाच मुलांपेक्षा २५ टक्के जास्त कमावत होती. आपल्याकडे अंगणवाडी १९७५ पासून आहे, ताई गावातलीच आहे, तिला प्रत्येक घर माहीत आहे. तिच्या हातातली रजिस्टरं आणि मोबाइलवरच्या नोंदी कमी केल्या, तर ती हेच काम करू शकेल.

गरिबांची मुलं अभ्यासात मागे का? बुद्धीच कमी असते का?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा आवाज खाली करतात. विचारला तेच बरं.

तामिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. उसाचं बिल येण्याआधी, हात तंग असताना, ४६४ शेतकऱ्यांना कोडी आणि लक्ष एकाग्र करण्याच्या चाचण्या दिल्या. बिल आल्यावर त्याच माणसांना पुन्हा दिल्या. तंगीच्या दिवसांत तीच माणसं कमी पडली. या निष्कर्षावर पुढे इतर अभ्यासकांनी शंकाही घेतल्या, तेव्हा मी त्याला ब्रह्मवाक्य म्हणत नाही. पण आपल्या भागात ज्याने बिलाची वाट पाहिली आहे, त्याला ते पटायला अवघड जाणार नाही. डोक्यात सावकाराची मोटारसायकल फिरत असताना दुसरं काही शिरत नाही. मोठ्यांचं हे, मग लेकराचं काय?

माझ्या चौथीत एक ऊसतोड्याचा मुलगा होता. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याच्या, पेंढ्या किती बांधल्या, काय भावाने गेल्या, मुकादमाकडे किती वळते झाले, हे तोंडी सांगायचा. तोच गुणाकार फळ्यावर मांडला की गप्प. त्याला गणित येत होतं. फळ्यावरच्या गणिताची सवय व्हायला जितके दिवस वर्गात बसावं लागतं, तितके दिवस त्याला मिळाले नव्हते.

ऊसतोड मजुरांच्या मुलांचं नेमकं काय होतं?

याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. शाळा जूनमध्ये सुरू होते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि टोळ्या निघतात. बीडकडून येतात, तशा आमच्या जतमधून, साताऱ्याच्या माणमधूनही जातात. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे दुसरं सत्र सुरू व्हायच्या वेळी मूल गेलेलं असतं आणि परत येतं तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर किंवा संपलेली.

टोळीत मजुराची मोजणी माणशी होत नाही, ‘कोयत्या’वर होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांनी मिळून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय सुटका नाही. पहाटे दोघं उसाच्या फडात गेली की कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, राहतात ती लेकरं. आठ-नऊ वर्षांची पोरगी पाणी भरते, भाकरी थापते, तान्ह्याला पाहते. बारा-तेराचा पोरगा मोळ्या बांधायला लागतो. ‘पोरगं हाताखाली आलं’ असं बाप म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजात कौतुक असतं, हे मी ऐकलेलं आहे.

कायद्याने काय आहे? शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जिथे असेल तिथल्या शाळेत वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं, दाखल्यासाठी अडवता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देतात, ते दाखवून नव्या गावच्या शाळेत बसता येतं. आम्ही घेत होतो मुलं. पण फड पुढे सरकला की टोळी सरकते. तीन आठवडे मूल आमच्याकडे, मग दहा मैलांवरच्या दुसऱ्या शाळेकडे, मग कुठेच नाही. नाव दोन हजेऱ्यांवर, मूल एकाही वर्गात नाही.

आधी कारखान्यांजवळ साखरशाळा चालायच्या. नवा कायदा आल्यावर वेगळी शाळा नको, नेहमीच्याच शाळेत घ्या, असं धोरण झालं आणि त्या बहुतेक बंद पडल्या. तत्त्व चुकीचं नव्हतं. कोपीपासून शाळेपर्यंत पाच-सहा वर्षांचं मूल रोज कसं जाणार, ट्रॅक्टरच्या दुहेरी ट्रॉल्या धावतात त्या रस्त्याने, एवढंच पाहायचं राहिलं.

माझ्या मते सगळ्यांत चांगलं काम हंगामी वसतिगृहाने केलं. नाव मोठं आहे, प्रत्यक्षात मूल आपल्याच गावात आजी-चुलत्यांकडे राहतं, आपल्याच शाळेत जातं आणि जेवणाची सोय शासनाच्या पैशातून होते. जतला असताना मी ते चालताना पाहिलं. अनुदान वेळेवर आलं की वर्ग भरलेला. उशिरा आलं की आई-बाप वाट पाहत नाहीत, लेकरू गाडीत बसतं. दिवाळीआधीचे पंधरा दिवस काय ते. नंतर आलेल्या पैशाचा त्या वर्षी उपयोग नाही.

शाळेत खिचडी मिळते ना? मग उपासमारीचा प्रश्न कुठे?

मिळते, आणि ती फार मोलाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला त्यातून ती आली. पहिली ते पाचवीला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम, असा नियम आहे. आता वर्षातले शाळेचे दिवस मोजा. रविवार, सण, दिवाळीची सुट्टी, मे महिना. नववीपासून तर काहीच नाही, आणि पोर वाढीला लागते ती त्याच वयात. सोमवारी ताट दोनदा भरून घेणारी मुलं मला नावानिशी माहीत असायची.

आम्हीही गरिबीत शिकलो. आमच्या मागे कुणी लागलं नव्हतं. आजची मुलंच आळशी नाहीत का?

हा प्रश्न साठीच्या पुढचे काका विचारतात, आणि बहुतेक जण रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेले असतात! मग मी उलट विचारते, जेवायला कुठे होतात?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी ही संस्था काढली, १९२४ ला ती साताऱ्यात आणली आणि सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे साताऱ्यात लहान मुलालाही माहीत आहे. भाऊरावांनी नुसता फळा-खडू दिला नाही. आधी ताट दिलं, झोपायला जागा दिली, आणि ‘कमवा आणि शिका’ म्हणून हाताला काम दिलं, म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जायला नको. तुम्ही कष्ट केलेत यात शंका नाही. पण तुमच्या मागे एक अख्खं वसतिगृह उभं होतं.

दुसरी गोष्ट. त्या काळी मॅट्रिक झालेला पोरगा तलाठी, मास्तर, एसटीत कंडक्टर व्हायचा. नापास झाला तर जावळी-पाटणच्या पोराला मुंबईत गिरणी होती, नंतर माथाडीचं काम होतं, खानापूर-आटपाडीच्या पोराला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात पाहुण्याचं दुकान होतं. नापासालाही वाट होती. आज बारावी होऊन पोरगा डिलिव्हरीची बॅग पाठीला लावतो आणि पेट्रोल स्वतःचं घालतो.

जिद्द असेल तर माणूस कुठूनही वर येतो. खाशाबा जाधव नाही का आले?

आले की. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण ते तिथे पोहोचले कसे? गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. १९४८ ला लंडनमध्ये खाशाबा सहावे आले होते, पदक नव्हतं. त्यांना चार वर्षांनी पुन्हा जाता आलं. ती दुसरी खेप मिळाली नसती तर आज त्यांचं नाव कुणी घेतलं असतं?

फलटण तालुक्यातल्या सरडेचा प्रवीण जाधव टोकियोच्या ऑलिंपिकला तिरंदाजीत उतरला. आई-वडील मजुरी करणारे, शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्याच्याही गोष्टीत एक शिक्षक आहेत आणि राहण्या-जेवण्याची सोय करणारी राज्याची क्रीडा प्रबोधिनी आहे.

बाप दारू पितो, घरात मोबाइलला पैसे आहेत, वहीला नाहीत. यांना मदत करून उपयोग काय?

दारूचं समर्थन मी करणार नाही. तिने किती लेकरांची वाट लावली ते मी पाहिलंय. पण शिक्षा बापाची, भोगायची पोराने, हा कुठला न्याय?

‘यांना धीर धरता येत नाही, पैसा आला की उडवतात’ हेही नेहमी ऐकते. यावर एक जुना अमेरिकन प्रयोग सांगतात. मुलासमोर गोळी ठेवायची, थांबलास तर दोन देईन म्हणायचं, आणि जी मुलं थांबतात ती पुढे यशस्वी होतात. २०१८ मध्ये जास्त मुलं घेऊन हे पुन्हा तपासलं तेव्हा परिणाम निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर जवळजवळ उरलाच नाही. ज्या घरात उद्याचा शब्द पाळला जाईल याची खात्री नसते, तिथलं मूल आजची गोळी आज खातं. मीही खाल्ली असती.

मुलींचं काय?

वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. सभेत लोक म्हणतात, ‘अडाणीपणा, दुसरं काय.’ मी एका आईला विचारलं होतं, सातवीतल्या पोरीचं एवढ्यात का बघता? ती म्हणाली, ‘बाई, सहा महिने आम्ही फडात. हिला कुणाच्या जिवावर ठेवू? आणि कोपीवर नेली तर तिथं तरी कुणाच्या जिवावर?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यात लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो, म्हणजे नवी उचल. हा हिशेब कुणी उघड बोलत नाही.

अडाणीपणा असता तर पत्रकं वाटून गेला असता. इथे पोरीला सुरक्षित खोली हवी आहे. ज्या पोरींना कन्या वसतिगृहात जागा मिळाली, त्यांच्या आयांनी लग्नाचा विषय स्वतःहून बंद केलेला मी पाहिला. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, त्याचाही मोठा आधार, फक्त गावात एसटी यायला हवी.

बालविवाह ठरल्याचं कळलं तर १०९८ ला फोन करा, नाव सांगावं लागत नाही. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात.

इंग्रजी माध्यमात घातलं तर गरिबी सुटेल का?

नुसत्या माध्यमाने सुटणार नाही. खासगी शाळांत २५ टक्के जागा शिक्षण हक्क कायद्याखाली मोफत असतात, नंबर लागला तर जरूर घ्या. पण पोटाला चिमटा काढून फी भरायची आणि तिसरीत ती थकली म्हणून मूल परत आणायचं, यात लेकराची दोन वर्षं जातात. ना धड मराठी, ना इंग्रजी.

सवलती इतक्या आहेत, तरी मुलं दहावी-बारावीनंतर गळतात का?

सवलती खरंच आहेत. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला, कार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर, लेक लाडकी योजनेत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ.

आता दुसरी बाजू बघा. उत्पन्नाच्या दाखल्याला सेतू केंद्रात एक खेप, सही झाली नाही म्हणून दुसरी, आधारवर आडनावात काना राहिला म्हणून तिसरी. प्रत्येक खेपेला बापाचा रोज बुडतो आणि वडापचं, म्हणजे जीपचं, भाडं जातं. फी माफ झाली, पण सांगलीत किंवा कराडात राहायचं म्हटलं की कॉट बेसिसवरच्या खोलीचं डिपॉझिट लागतं, मेसचे पैसे आगाऊ लागतात. शिष्यवृत्ती खात्यावर येते ती वर्ष सरत आल्यावर. मधले आठ महिने कुणी काढायचे? पैसेवाल्याच्या घरात हा फक्त वैताग असतो, मजुराच्या पोराचं शिक्षण इथेच थांबतं. शाळा कुणी रागाने सोडत नाही. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात.

मुलाला परिस्थितीची लाज वाटते. काय सांगायचं?

सांगण्यापेक्षा बघा. सहलीच्या दिवशी कोण ‘पोटात दुखतंय’ म्हणून गैरहजर असतं, याची यादी मी पहिल्या वर्षी केली आणि दुसऱ्या वर्षापासून सहल जवळच्या देवराईत, घरच्या डब्यावर नेली. वर्गात उभं करून ‘ज्यांनी पैसे आणले नाहीत त्यांनी हात वर करा’ म्हणणं ताबडतोब बंद करा. गणवेशाचा रंग उडाला म्हणून कुणाला बोलू नका. मी एकदा बोलले होते, तिसरीतल्या मुलीला, सगळ्यांसमोर. ती दुसऱ्या दिवशी आली ती थोरल्या बहिणीचा, गुडघ्याच्या खाली लोंबणारा झगा घालून, मान खाली. ते मला अजून टोचतं.

आमच्या मंडळाला वह्या-दप्तरं वाटायची आहेत. वाटावीत का?

वाटा, फोटो काढू नका. लेकरू मोठं झाल्यावर तो फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतो. आणि १५ ऑगस्टला सगळेच वह्या आणतात. ऑक्टोबरात चष्मा, फेब्रुवारीत परीक्षेचं गाडीभाडं, याची विचारपूस कुणी करत नाही.

एकच काम करायचं असेल तर कोणतं?

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी नापास झालेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांकडून घ्या.

पैसेवाल्याचं पोर नापास झालं की संध्याकाळपर्यंत क्लास ठरतो. मजुराचं पोर नापास झालं की सोमवारी ते बापाबरोबर कामावर असतं, आणि ‘आपल्या डोक्यात नाही’ हे त्याने स्वतःपुरतं कायमचं ठरवलेलं असतं. पुरवणी परीक्षा जून-जुलैतच असते, फॉर्मचे दिवस मोजके. एक-दोन विषय राहिले असतील तर अकरावीला तात्पुरता प्रवेशही मिळतो, हे निम्म्या पालकांना ठाऊक नसतं. शाळा सुटलेल्यांना बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहे.

तेव्हा पेढे घेऊन पहिल्या आलेल्याच्या घरी जायला गाव आहेच. तुम्ही दुसऱ्या घरी जा. फॉर्मचे पैसे बरोबर ठेवा, आणि गणिताचा एखादा मास्तर.